फाटक कोणाच्या मापाचे?

गळीत हंगामातली संध्याकाळ. कुर्डुवाडीहून पंढरपूर, सांगोल्यावरून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग आणि त्याला आडवी गेलेली एका गावाची वाट. फाटक पडलेले आहे. अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर धडधडत उभा आहे. त्याच्या मागे दोन टायरगाड्या, बैलांच्या तोंडाला फेस. शाळा सुटलेली पोरे दप्तरे सावरत थांबली आहेत. शेजारी एक म्हातारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी आहे, कारण भारा उतरवला तर परत चढवायला कोणी हवे. दोन दुचाकीवाले मात्र आडव्या दांड्याखालून वाकून निघण्याच्या बेतात आहेत.

हे फाटक जुने झाले, ते सुधारायला हवे, असे ग्रामसभेत कोणी म्हटले तर सगळे मान डोलावतात. पण प्रत्येकाच्या मनातले चित्र वेगळे असते. ट्रॅक्टरवाल्याला खोळंबा नको असतो. आईला पोरे सुखरूप घरी यायला हवी असतात. रेल्वेला गाडीचा वेग वाढवायचा असतो. सार्वजनिक बांधकाम खात्याला खर्चाचा मेळ बसवायचा असतो. मग सुधारणा नेमकी कशाला म्हणायचे? माझ्या मते तिचे एकच खरे माप आहे: त्या वाटेने जाणारा जो सर्वांत हळू वाटसरू, त्याला ती किती निर्धास्त करते. हे माप का धरायचे, ते फाटकाची रचना आणि त्यामागचे गणित समजून घेतले की पटेल.

वाट तीच, वेग नवा

या भागातल्या जुन्या माणसांना ‘बार्शी लाईट’ अजून आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही छोट्या रुळांची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे बार्शी रोड, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोन रुळांमधले अंतर होते ७६२ मिलिमीटर. एका आसावर साधारण ५ टन भार पडेल अशा बेताने कॅलथ्रॉपने डबे आणि इंजिने आखली होती. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आता दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर आहे आणि भरलेल्या मालगाडीच्या एका आसावर २० टनांहून अधिक भार येतो.

रूळ बदलले, डबे बदलले, वेग बदलला. ओलांडणारी वाट बहुतेक ठिकाणी तीच राहिली. ज्या जागी पूर्वी बैलगाडी रमतगमत रूळ ओलांडायची, त्याच जागी आज ती ओलांडते. जुन्या फाटकाचा धोका समजायचा तर या विसंगतीपासून सुरुवात करावी लागते.

एक साधा हिशेब मांडू. इंजिनचालकाने शिटी वाजवावी म्हणून फाटकाच्या अलीकडे साधारण ६०० मीटरवर ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. छोटी गाडी ताशी ३० किलोमीटरने येत असेल, तर ६०० मीटर कापायला तिला ७२ सेकंद लागत. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी तेवढेच अंतर वीस सेकंदांच्या आत संपवते.

आता ट्रॅक्टरचे गणित. दोन ट्रॉल्यांसकट त्याची लांबी १५ मीटर धरू. फाटकाच्या या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत १० मीटर. म्हणजे शेवटच्या ट्रॉलीचे मागचे चाक पलीकडे जाईपर्यंत ट्रॅक्टरला २५ मीटर जावे लागते. भरलेल्या उसासह, उंचवट्यावर, ताशी ५ किलोमीटरने त्याला १८ सेकंद लागतात. जागेवरून हलायचे तीन-चार सेकंद त्यात धरले की बेरीज विसाच्या पुढे जाते. शिटी ऐकू आली तेव्हा रुळावर चढलेला ट्रॅक्टर गाडी येईपर्यंत पलीकडे पोहोचत नाही. यात चालकाचा निष्काळजीपणा धरलेलाच नाही. तो डोळ्यांत तेल घालून चालवत असला तरी हिशेब बदलत नाही.

चालकाने ब्रेक का लावू नये, असे विचारले जाते. तो लावतोच. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणाने फिरते. रेल्वे थोड्या इंधनात इतका माल ओढते ते त्याच गुणामुळे, आणि थांबायच्या वेळी तोच गुण आड येतो. वेगात असलेली प्रवासी गाडी पूर्ण थांबायला जवळजवळ एक किलोमीटर घेते. चार-पाच हजार टनांची मालगाडी तर हाकेसरशी थांबणारी नव्हेच. गाडीला बाजूला वळता येत नाही आणि वेळेत थांबताही येत नाही. म्हणून रूळ मोकळा ठेवण्याची सगळी जबाबदारी फाटकावर येऊन पडते.

फाटक म्हणजे फक्त दांडा नव्हे

फाटकातून जाताना गाडीला जे हिसके बसतात, त्यांचे मूळ रुळाशेजारच्या फटीत असते. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कड असते आणि ती कड रुळाला बिलगून धावते. रस्ता रुळाच्या पातळीला आणायचा तर या कडेसाठी जागा सोडावी लागते. त्यासाठी मुख्य रुळाच्या आतून दुसरा रूळ बसवतात, त्याला चेक रेल म्हणतात. दोघांमधली फट ५१ ते ५७ मिलिमीटर राखायची असते. तीत खडी किंवा चिखल घट्ट बसला तर चाकाची कड वर उचलली जाऊ शकते. सायकलचे चाक किंवा जनावराचा खूर अडकतो तोही तिथेच. फाटकावरचा माणूस हातात लोखंडी सळई घेऊन ती फट उकरताना दिसतो, तेव्हा तो गाडी रुळावर राहील याची तजवीज करत असतो.

फाटकाखालचा रूळ इतर ठिकाणच्या रुळापेक्षा लवकर झिजतो, कारण तो रस्त्याखाली झाकलेला असतो. पाणी, माती, शेण सगळे तिथे मुरते आणि लोखंड गंजते. म्हणून वर्षातून निदान एकदा वरचे फरसबंदीचे ठोकळे काढून, चेक रेल उकलून स्लीपर आणि खडी तपासावी लागते. रेल्वेचे लोक याला ओव्हरहॉलिंग म्हणतात. त्या दिवशी रस्ता बंद राहतो आणि गाव चिडते. पण ठोकळे परत नीट, रुळाच्या पातळीत बसले की नाहीत, हे गावाने त्याच संध्याकाळी जाऊन पाहण्यासारखे असते. दोन बोटे वर आलेला ठोकळा ट्रॅक्टरला रुळावर अडवू शकतो.

रस्ता रुळाला कोणत्या कोनात भेटतो, हेही महत्त्वाचे. काटकोन उत्तम. पंचेचाळीस अंशांपेक्षा तिरकी वाट नियमात बसत नाही, कारण तिरक्या वाटेवर रुळावरचे अंतर वाढते आणि दुचाकीचे चाक फटीत शिरते. जुन्या गाडीवाटा शेतांच्या बांधांवरून वळत आलेल्या असतात. फाटकाजवळ त्या सरळ करणे, दोन्ही बाजूंना सपाट जागा ठेवणे, दृष्टी अडवणारी वेडी बाभूळ तोडणे, ही कमी खर्चाची कामे आहेत. त्यांचा गुण मात्र मोठा येतो.

आणि मग फाटकावरचा माणूस. गाव त्याला गेटमन म्हणते आणि तो दांडा वरखाली करतो एवढेच गावाला दिसते. पण गाडी जाताना तो तिच्याकडे टक लावून उभा असतो, कारण प्रत्येक डबा पाहणे हे त्याच्या कामातच येते. आसाची पेटी तापून धूर निघतो आहे का, काही लोंबकळते आहे का, दार उघडे आहे का. सगळे ठीक असेल तर तो हिरवा झेंडा दाखवतो. रात्री दिवा.

रुळावर काही अडकले तर त्याची खरी कसोटी लागते. आधी लाल झेंडा किंवा लाल दिवा रुळावर लावायचा. मग ज्या बाजूने गाडी आधी येण्याचा संभव, त्या बाजूला पळत सुटायचे. रुळावर ठेवायचे आवाजी फटाके त्याच्याजवळ असतात. चाक वरून गेले की ते फुटतात आणि चालकाला धोका कळतो. एक फटाका ६०० मीटरवर, आणि पुढे जाऊन १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. सव्वा किलोमीटर खडीवरून पळायला धडधाकट माणसालाही सात-आठ मिनिटे लागतात. मग उलटा येऊन दुसरी बाजू सांभाळायची. एकट्या माणसाच्या पायांवर आपण केवढा भार टाकला आहे, हे या आकड्यांवरून कळते.

मोजणीत कोण येते, कोण येत नाही

कोणत्या फाटकाला काय सुविधा द्यायची, हे रेल्वे टीव्हीयू नावाच्या आकड्यावरून ठरवते. दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या, म्हणजे टीव्हीयू. मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, टांगा यांचा प्रत्येकी एक अंक. रिक्षाचा अर्धा. मोटारसायकल किंवा स्कूटरचा पाव. वीस गाड्या आणि रस्त्यावर दोनशे एकक असतील तर टीव्हीयू झाले ४,०००. ही गणती साधारण तीन वर्षांनी, लागोपाठ सात दिवस करून तिची सरासरी काढतात. आकडा २०,०००च्या पुढे गेला की फाटक ‘बी’ वर्गात जाते, ३०,०००च्या पुढे ‘ए’ वर्गात, ५०,०००च्या पुढे विशेष वर्गात. त्याखालची बहुतेक सगळी गावफाटके ‘सी’ वर्गातली. एक लाखाचा आकडा गाठला की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधायचा, असा प्रघात आहे.

पद्धत साधी आहे आणि देशभरातल्या हजारो फाटकांची तुलना करायला असा काही आकडा लागतोच. पण गावाच्या दृष्टीने तिच्यात दोन गोष्टी निसटतात. पहिली, गणतीचा महिना. ऊसपट्ट्यात जूनमध्ये मोजले तर रस्ता ओस असतो. डिसेंबरात मोजले तर तोच रस्ता ट्रॅक्टरांनी भरून वाहतो. पंढरपूरच्या आसपास आषाढी आणि कार्तिकीला वाटा माणसांनी फुलतात, मग पुढच्या आठवड्यात शांत होतात. सात दिवस कोणते निवडले, यावर आकडा पुष्कळ अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. पायी चालणाऱ्याचा या गणितात अंकच नाही. शाळेत जाणारी पोरे, भारा घेतलेली म्हातारी, वारकरी, शेळ्यांचा कळप हाकणारा धनगर, या सगळ्यांची बेरीज शून्य येते. गाडी आणि वाहन यांची गाठ कितीदा पडेल हे मोजायला हा आकडा घडवलेला आहे, आणि ते काम तो करतो. गावाची वर्दळ त्यातून कळत नाही. म्हणून फाटकाचा प्रश्न मांडताना गावाने आपली मोजणी आपण करावी: हंगामात, वारीत, शाळेच्या वेळेत, पायी माणसांसकट. कागदावर तारीखवार लिहिलेली अशी नोंद निवेदनाला जोडली तर तिला वजन येते.

चूक झाली तरी जीव जाऊ नये

फाटकांच्या सुधारणेचा इतिहास दुर्दैवाने अपघातांच्या तारखांनी लिहिला गेला आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ रामटेकच्या पॅसेंजर गाडीखाली वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली सापडली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तिथे फाटकावर माणूस नव्हता. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात अशाच ठिकाणी शाळेची गाडी रेल्वेखाली आली, १३ मुले दगावली. त्या वेळी ब्रॉडगेजवर माणूस नसलेली साडेतीन हजारांच्या आसपास फाटके उरली होती. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ती सगळी संपवण्यात आली. काही ठिकाणी माणूस नेमला, काही ठिकाणी भुयारी मार्ग केला, काही वाटा शेजारच्या फाटकाकडे वळवल्या. हे काम मोठे होते आणि त्याने पुष्कळ जीव वाचले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पण माणूस नेमला म्हणजे प्रश्न सुटला का? ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथे शाळेची गाडी फाटकातून जात असताना रेल्वे आली. तिथे माणूस होता. फाटक मात्र बंद झालेले नव्हते. तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या फाटकाला इंटरलॉकिंग नव्हते.

हा शब्द प्रत्येक गावाला समजायला हवा. इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकावर स्टेशनमास्तर आणि गेटमन फोनवर बोलतात. गेटमन फाटक लावतो आणि एक ठरलेला आकडा सांगतो. त्याला खासगी क्रमांक म्हणतात. स्टेशनमास्तर तो लिहून घेतो आणि गाडी सोडतो. म्हणजे फाटक बंद आहे याचा पुरावा काय? फोनवरचा शब्द. माणूस थकलेला असेल, गोंधळलेला असेल, एका गाडीऐवजी दुसरी समजला असेल, तर त्या शब्दामागे बंद फाटक असेलच याची हमी राहत नाही.

इंटरलॉकिंगमध्ये फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जखडलेले असतात. दांडा पूर्ण खाली येऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. एकदा सिग्नल हिरवा झाला की फाटक उघडताच येत नाही. गेटमन फाटक लावायला विसरला तर काय होईल? सिग्नल लाल राहील, गाडी अलीकडे थांबेल, प्रवासी वैतागतील, दहा मिनिटे उशीर होईल. जी चूक कडलूरला जिवावर बेतली, तिची किंमत इथे दहा मिनिटांवर येते. गावफाटकाच्या बाबतीत याहून मोलाची सुधारणा मला माहीत नाही.

ट्रकने धडक देऊन दांडा मोडला तर? तेव्हाही सिग्नल लाल होतो. गाड्यांचा फार खोळंबा होऊ नये म्हणून बाजूला सरकवायचा जादा दांडा ठेवलेला असतो. तो आडवा ओढून कुलूपबंद केला की सिग्नल पुन्हा चालू करता येतो. देशात अकरा हजारांहून अधिक फाटकांना इंटरलॉकिंग झालेले आहे. कडलूरच्या अपघातानंतर ते बसवण्यासाठीची टीव्हीयूची मर्यादा २०,००० वरून १०,००० वर आणली गेली आणि फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले. याचा अर्थ असा, की जे फाटक काल ‘लहान’ म्हणून रांगेत मागे होते, ते आज पुढे आलेले असू शकते. आपल्या गावच्या फाटकाचा आकडा काय आणि तिथे इंटरलॉकिंग आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या रेल्वे विभागीय कार्यालयाला लेखी विचारावेत.

डोक्यावरची तार

मध्य रेल्वेचा सगळा ब्रॉडगेज मार्ग फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर आला. शेवटचा तुकडा होता औसा रोड ते लातूर रोड. म्हणजे बार्शी लाईटच्या मुलखात आता डोक्यावरून २५,००० व्होल्टची तार गेली आहे. शहराला या दाबाची सवय आहे, शिवाराला ती नवी आहे.

अशा फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोखंडी कमान उभी असते. तिची उंची ४.६७ मीटर. तिच्याखालून जे जाईल ते तारेपासून सुरक्षित अंतरावर राहते. कडब्याने भरलेली गाडी, वर बसलेला माणूस, उभा धरलेला लोखंडी पाइप, बोअरवेलचे यंत्र, मिरवणुकीतला उंच झेंडा, हे सगळे या कमानीच्या मापात बसवायचे असते. तारेला हात लागलाच पाहिजे असे नाही. इतक्या दाबाची वीज थोड्या अंतरावरूनही उडी घेते. भरलेल्या गाडीवर बसून फाटक ओलांडायचे नाही, उतरून पायी जायचे, हा नियम ऊसतोडीच्या टोळ्यांना आणि वऱ्हाडी मंडळींना त्यांच्या भाषेत सांगणे हाही फाटक सुधारण्याचाच भाग आहे. पाटी लावून हे काम होत नाही. मुकादमाने, शिक्षकाने, सरपंचाने ते बोलून करायचे असते.

वरून की खालून

इंटरलॉकिंगने चुकीची किंमत कमी होते. रस्ता आणि रूळ यांची गाठच पडू दिली नाही, तर चुकीला जागाच उरत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात हेच म्हटले होते. माणूस असलेली आणि नसलेली, सगळीच फाटके पाच वर्षांत संपवावीत, त्यासाठी सुमारे ५०,००० कोटी रुपये लागतील, असा तिचा अंदाज होता. तो सगळा पल्ला गाठलेला नाही, पण दिशा तीच आहे. महाराष्ट्रात राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या भागीदारीतली महारेल ही कंपनी फाटकांच्या जागी पूल बांधते आणि ‘फाटकमुक्त महाराष्ट्र’ हे शब्द आता सरकारी भाषणांतही ऐकू येतात. मालगाड्यांसाठी बांधलेल्या नव्या समर्पित मार्गांवर तर फाटके ठेवलेलीच नाहीत.

प्रश्न एवढाच, की गावाला पूल हवा की भुयारी मार्ग? इथे पुन्हा सर्वांत हळू वाटसरूकडे बघावे.

विजेच्या मार्गावरून पूल न्यायचा तर तार, तिच्यावरचे अंतर आणि पुलाची जाडी धरून रस्ता जमिनीपासून साधारण आठ मीटर वर जातो. दर तीस मीटरला एक मीटर चढ धरला तरी प्रत्येक बाजूला २४० मीटर उतार लागतो. ट्रकला तो काहीच नाही. भरलेल्या टायरगाडीच्या बैलांना मात्र तो घाट आहे. पायी म्हातारीला रुळापलीकडचे घर गाठायला अर्धा किलोमीटर चढउतार पडतो. ती ते करणार नाही, ती खालून रूळच ओलांडेल. मग फाटक गेले, गेटमन गेला, आणि ओलांडणारी माणसे तिथेच राहिली. पुलाला पायऱ्या आणि त्याखालून पादचाऱ्यांची वेगळी सोय नसेल, तर पायी माणसापुरता धोका उलट वाढतो.

भुयारी मार्ग गावाला जवळचा पडतो. उतार कमी, खर्च कमी, आणि तो लवकर होतो. काँक्रीटच्या तयार चौकटी आधीच शेजारी ओतून ठेवतात. मग काही तासांसाठी गाड्या थांबवून रूळ उकलतात, खणतात, क्रेनने चौकटी बसवतात, भराव टाकून रूळ परत जोडतात. एका रात्रीत रुळाखाली रस्ता उभा राहतो. रूळ उंच भरावावर असेल तर जॅक लावून चौकट बाजूने आत ढकलण्याचीही पद्धत आहे.

पण भुयारी मार्गाचे दोन शत्रू आहेत, उंची आणि पाणी. अशा मार्गाची उंची बहुधा साडेतीन-चार मीटरच्या आसपास असते. हार्वेस्टर, कडब्याचा ट्रक, उसाची चढवलेली ट्रॉली यातून जाईल का, हे आराखडा होण्याआधी फुटपट्टीने मोजायला हवे, नंतर नव्हे. आणि पाणी तर आपल्या काळ्या मातीच्या मुलखात हटकून येते. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात रेल्वेखालच्या मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका महिला डॉक्टरचा मृत्यू झाला. आपल्याकडे जीव गेला नाही तरी चार महिने गाव तुटते, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर दहा किलोमीटरचा वळसा पडतो.

यावर उपाय आहेत. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी उंचवटा, उतारावर पत्र्याचे छप्पर, कडेने गटार, तळाशी साठवण खड्डा आणि पंप, भिंतीवर पाण्याची खोली दाखवणाऱ्या खुणा. सर्वांत चांगले म्हणजे ओढ्याच्या दिशेने पाणी आपोआप वाहून जाईल अशी जागाच निवडणे. इथे गावाचे ज्ञान अभियंत्याच्या नकाशाइतकेच मोलाचे ठरते. पावसाळ्यात शेजारच्या विहिरींना पाणी कुठवर चढते, हे शेतकरी झोपेतही सांगेल. भुयाराचा तळ त्या पातळीच्या खाली जाणार असेल, तर ते भुयार नव्हे, नवी विहीर होईल.

गावाच्या हातात काय आहे

फाटक कायमचे बंद करायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची संमती लागते. ही पायरी गावासाठी महत्त्वाची आहे, कारण पर्यायी वाटेबद्दलचे म्हणणे लेखी नोंदवण्याची वेळ तीच. रूळ ओलांडून ज्यांची शेती आहे, त्यांची नावे आणि गट क्रमांक ग्रामसभेच्या ठरावात यायला हवेत. पूल मंजूर झाला तर रुळावरचा भाग रेल्वेचा आणि पोहोचरस्ते राज्याचे, अशी कामाची वाटणी अनेकदा असते. दोन्हींचे वेळापत्रक एकत्र मागावे, नाही तर एकाचे काम दुसऱ्याची वाट बघत राहते. आणि नवा मार्ग प्रत्यक्ष वापरात येऊन एक पावसाळा जाईपर्यंत जुने फाटक मोडू नये, एवढी विनंती तरी ठरावात असावी.

आपल्या बाजूचे कर्तव्यही आहे. बंद फाटक दुसऱ्याने उघडले तर रेल्वे कायद्याच्या कलम १६० नुसार तीन वर्षांपर्यंत, आणि मोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गेटमनवर ओरडून, हुज्जत घालून, ‘एवढी एक गाडी सोड’ म्हणून गळ घालून आपण त्याला नेमकी तीच चूक करायला लावत असतो, जिची भीती आपल्याला वाटते. दांड्याखालून वाकून जाणारा दुचाकीवाला एकटा जात नाही. त्याच्या मागे उभे असलेले पोर ते शिकत असते.

फाटक सुधारण्याची मागणी मान्य झाली की एक दिवस रेल्वेचे आणि बांधकाम खात्याचे अधिकारी जागा पाहायला येतात. हातात फीत असते, नकाशा असतो, वेळ थोडा असतो. त्या दिवशी गावाने भाषणे करू नयेत. उसाने भरलेली एक टायरगाडी आणि दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर फाटकाशी आणून ठेवावा. शाळेतली पाच-सात पोरे बोलवावीत, आणि त्या म्हातारीला तिच्या भाऱ्यासकट. मग गाडी येणार नाही अशा वेळी, गेटमनच्या परवानगीने, एकेकाला रूळ ओलांडायला सांगावे आणि घड्याळ लावावे. जो आकडा सर्वांत मोठा येईल, तो नकाशाच्या कोपऱ्यात लिहून द्यावा. नवे फाटक, पूल किंवा भुयार, जे काही होईल ते त्या आकड्याच्या मापाचे व्हावे.